वेताळवाडीच्या किल्ल्यावर भूत शोधायला येणाऱ्या पोरांना खुले पत्र

प्रति,
रात्री टॉर्च, कॅमेरे आणि सुया टोचलेली लिंबं घेऊन आमच्या घाटात येणारी समस्त व्हिडिओवाली मंडळी यांस,

विषय : किल्ल्यावर हडळ सापडल्याबाबत.

पोरांनो, स.न.वि.वि.

३३ वर्षं एसटीत कंडक्टर होतो. कागद पुढे घेतला की 'प्रति' आणि 'विषय' आपोआप पडतात, त्याला माझा इलाज नाही. आगाराचं नाव सांगत नाही. सिल्लोडकडून उंडणगाव, हळदा करत घाट उतरून सोयगावला जाणारी गाडी बरीच वर्षं माझ्याकडे होती, एवढं पुरे. त्या घाटात अंगावर आल्यासारखे बुरूज दिसतात, तो वेताळवाडीचा किल्ला. तुमच्या भाषेत 'मराठवाड्यातला सगळ्यात डेंजर किल्ला'.

तुमचा व्हिडिओ नातवाने दाखवला. जेवत होतो, त्याने मोबाईल ताटासमोर धरला. आधी बराच वेळ काळोख, मग छाती धडधडल्याचा आवाज, मग तुमच्यातला एक जण कुजबुजतो की इथे कोणीतरी आहे. मग लांबवर तटाच्या कडेला एक पांढुरकी आकृती. हातात मिणमिणता उजेड. चार पावलं चालते, थांबते, वाकून झुडपात बघते, पुन्हा चालते. त्यावर तुम्ही लाल बाण काढलाय. शेवटी ती खाली बसते, उजेड विझतो आणि तुम्ही 'भागो, भागो' करत पळत सुटता. (मराठी मुलखात वाढलेली पोरं भूत दिसलं की हिंदीत का ओरडतात, हे मला अजून उमगलेलं नाही.) खाली अक्षरं येतात : 'वेताळवाडीची हडळ, कॅमेऱ्यात कैद'.

माझा घास तोंडातच राहिला. भीतीने नव्हे. ती चाल मी ओळखली. डाव्या पायावर जरा कलून, दर तिसऱ्या-चौथ्या पावलाला गुडघ्यावर हात टेकून चालणारी बाई या पंचक्रोशीत एकच आहे. त्याच पायाने ती माझ्या गाडीची पायरी किती वर्षं चढली असेल, याचा हिशेब कुठल्याच वेबिलात, म्हणजे कंडक्टरच्या फेरीच्या कागदात, नाही.

ती पायथ्याच्या वस्तीवरची म्हातारी. नाव लिहीत नाही, आम्ही सगळे तिला माय म्हणतो. नवरा जाऊन जमाना झाला. चार शेळ्या, थोडं कोरडवाहू रान, दिवाळीच्या आगेमागे डोंगरातली सीताफळं. सीताफळाची पाटी घेऊन बाजाराच्या दिवशी गाडीत बसायची आणि पाटीचं लगेज, म्हणजे सामानाचं तिकीट, काढायला सांगितलं की म्हणायची, "काहून रे भाऊ, फळं काय सीटवर बसली का?" मी लगेज फाडायचो, ती दोन सीताफळं माझ्या पिशवीत टाकायची. नियमात बसत नाही, पण आता रिटायर झालोय.

व्हिडिओ आला त्याच्या पुढच्या बाजारी ती गाडीत चढली तर मागच्या सीटवरची कॉलेजची पोरं ओरडली, "हडळ आली, हडळ आली!" गाडी हसली. तिला आधी कळेचना की कोणाला म्हणतात. कोणीतरी मोबाईल दाखवला. तिने डोळे बारीक करून सगळं पाहिलं आणि विचारलं, "मी अशी दिसते का अंधारात?" हे मला माझ्या जागेवर आलेल्या कंडक्टरने सांगितलं. सांगताना तोही हसत होता, मग मधेच थांबला. त्यानंतर दोन बाजार माय आली नाही. तिसऱ्या बाजारी मी तिच्या घरी गेलो. तर शेजारची सूनबाई आपलं लेकरू तिच्या मांडीवर द्यायला कचरत होती. उघड कोणी काही बोलत नव्हतं. "सर्दी झालीय त्याला, राहू द्या," एवढंच. माय काय समजायचं ते समजली. शेतकऱ्याच्या घरी जन्म काढलेल्या बाईला एवढं कळतं.

आता तुम्हाला वाटेल, हा म्हातारा आला अंधश्रद्धेवर भाषण झोडायला. तसं नाही. मला भुतांचं वावडं नाही. उलट माझी अर्धी नोकरी त्यांच्या संगतीत गेली. ज्याने मुक्कामी गाडी केली नाही त्याला ते समजायचं नाही. संध्याकाळी शेवटची गाडी एखाद्या आडगावी जाते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे लेकरं, दूधवाले, दवाखान्याला निघालेले पेशंट घेऊन परत फिरते. रात्री ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच सीटवर नाहीतर देवळाच्या ओट्यावर झोपणार. जेवणं झाली की गावातली चार माणसं विडी ओढायला येतात आणि विडी पेटली की भूत आलंच. पिंपळावरचा मुंजा, विहिरीतला गिऱ्हा, मुंडकं नसलेला खवीस, घोड्यावरून उलट्या पायांनी जाणारा कोणी. असईची लढाई झाली २३ सप्टेंबर १८०३ ला, तीही इथून बरीच लांब, भोकरदनकडे. पण तिथले गोरे शिपाई आमच्या घाटात पाणी मागतात, असं शपथेवर सांगणारा माणूस मी पाहिलाय. कोणत्या भाषेत मागतात विचारलं तर म्हणाला, "खुणेने."

वेताळवाडीबद्दल ठरलेली गोष्ट ही, की अमावास्येला किल्ल्यावर दिवे फिरतात आणि रात्री वर गेलेल्या माणसाला चकवा लागतो. सकाळ होईस्तोवर तो एकाच जागेभोवती गरगर फिरत राहतो.

मी गेलोय रात्री. तुमच्याआधी. नोकरीला सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा. माझा ड्रायव्हर अंगापिंडाने दांडगा, घाटात ब्रेक कमी लागले तरी गाणं न सोडणारा माणूस. थंडीचे दिवस होते, गप्पांत पैज लागली. पैज कसली, अर्धा किलो मटणाची. घाटरस्त्यावरून पायवाटेने दहा-पंधरा मिनिटांत दरवाजा येतो. आम्ही एक बॅटरी घेऊन निघालो, तिचे सेलही एसटीच्या पगारासारखे, महिना संपत आलेले.

पहिल्यांदा भेटला आवाज. आम्ही चाललो की मागून कोणीतरी चाले, आम्ही थांबलो की तेही थांबे, पण एक पाऊल उशिरा. ड्रायव्हरचं गाणं बंद झालं. सागाची वाळलेली पानं पायाखाली चुरडली की परत सरळ व्हायला बघतात. आपलं पाऊल उचलल्यावर जो करकर आवाज येतो तो त्यांचा. हे आता सांगतोय. तेव्हा मी मारुतीस्तोत्र निम्म्यातून सुरू केलं होतं.

पुढे दरडीवर एक पांढरी बाई उभी. हात पसरलेले, केस नाहीत, कपडे नाहीत, नुसती पांढरी. चांदण्यात चमकत होती. बॅटरी मारायची हिंमत दोघांतही नव्हती. शेवटी ड्रायव्हरने दगड भिरकावला. तो 'टण्ण' करून लाकडावर आपटला. पांढरुखाचं झाड. आमच्याकडे काही जण त्याला भुत्याच म्हणतात, ज्याने नाव ठेवलं त्यानेही आमच्यासारखी एक रात्र काढली असावी. हिवाळ्यात पानं झडतात, साल कागदासारखी सुटते आणि आतलं खोड गुळगुळीत पांढरं उघडं पडतं. उन्हाळ्यात माणसं त्याच झाडाचा डिंक काढून विकतात. दिवसा त्याच्याकडे कोणी वळून बघत नाही.

दरवाज्यातून आत गेलो, वर चढलो. पडक्या इमारतीपाशी आलो तर आत कोणीतरी घोरत होतं. चेष्टा नाही करत. म्हातारा माणूस दम्याने घोरतो तसं, खर्र... फुस्स... खर्र. मग दुसऱ्या कोपऱ्यातून दुसरं. आणि तेवढ्यात डोक्यावरून काहीतरी पांढरं गेलं, पंखांचा इवलासाही आवाज न करता, आणि अशी किंकाळी फोडली की पुढचं मला नीट आठवत नाही. ड्रायव्हर माझ्या आधी खाली पोचला होता, एवढं नक्की. मटणाचे पैसे कोणी द्यायचे, यावर आम्ही पुढे वर्षभर भांडलो.

त्या पळण्यात चकवाही लागला. धुकं उतरलं होतं, चंद्र झाकला गेला. एक सपाट दगड होता, त्यावर ड्रायव्हरची टोपी पडली ती आम्ही उचलली आणि निघालो. थोड्या वेळाने पुन्हा तोच दगड. पुन्हा निघालो, पुन्हा तोच. तिसऱ्यांदा आम्ही त्या दगडावर बसूनच घेतलं आणि तांबडं फुटायची वाट पाहिली. पहाटेची गाडी पाऊण तास उशिरा निघाली. वेबिलात लिहिलं, 'गाडी गरम झाल्याने विलंब'.

किंकाळीचा उलगडा चार दिवसांनी भर दुपारी झाला. गव्हाणी घुबड. बदामासारखा पांढरा चेहरा, पोट पांढरं, पडक्या वाड्यात आणि किल्ल्यात राहणारं, उंदरांवर जगणारं. त्याचा उडताना आवाज येत नाही आणि त्याची पिल्लं भूक लागली की घोरल्यासारखी फुसफुसतात. चकव्याचा उलगडा व्हायला मात्र बरीच वर्षं लागली. माझी मुलगी विज्ञान शिकवते, तिने सांगितलं. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना तिथल्या एका सपाट जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालत राहा म्हणून सोडलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं सरळ गेली. आभाळ झाकलं की गोल फिरून स्वतःचीच वाट पुन्हा ओलांडू लागली. आणि विचारलं तर सांगत, आम्ही सरळच चाललोय. म्हणजे चकवा खरा आहे, पोरांनो. तो फक्त किल्ल्यात नसतो, आपल्या डोक्यात असतो आणि आपण जाऊ तिथे सोबत येतो.

तर भर दुपारी गेलो तेव्हा किल्ला पहिल्यांदा बघितला. इतकी वर्षं नुसता खिडकीतून दिसायचा. दरवाज्याच्या दोन्ही अंगांना शरभ कोरलेत, वाघासारखं अंग पण वाघ नाही, कोणी आत येतंय का ते बघत बसलेले. बुरूज असे पुढे आणलेत की दरवाजा समोरून दिसतच नाही, वळसा घातल्यावर एकदम पुढ्यात येतो. शत्रूच्या हत्तीला धावायला जागाच मिळू नये म्हणून केलेली ती करामत. आमच्या ड्रायव्हरने तिथे उभं राहून हाताने स्टेअरिंग फिरवून दाखवलं आणि म्हणाला, "यष्टी बी वळली नसती." वर धान्याचा अंबारखाना, तटाची लांबच लांब रांग आणि टोकाला ती बारादरी, म्हणजे कमानींची मोकळी बैठक. तिच्या कमानीत बसलं की खाली धरणाचं पाणी, सोयगावकडचा मैदानी मुलूख, पलीकडे खानदेश, आणि मागे अजिंठ्याच्या डोंगराची ओळ. वारा असा की बोलणं ऐकू येत नाही. ज्याने ती बांधली त्याला युद्धाशिवायही काही सुचत होतं. तुमच्या व्हिडिओत तीच बारादरी 'हडळीचं घर' म्हणून आलीय आणि तिच्या दोन कमानी म्हणजे 'डोळे'.

आता वेताळाबद्दल. नावात वेताळ म्हणून किल्ला भुताटकीचा, हा तुमचा पुरावा. अरे बाबांनो, वेताळ भुतांचा राजा खरा, पण गावाला तो राखणदार असतो. वेशीबाहेर शेंदूर फासलेला धोंडा, त्याला नारळ फोडायचा आणि निर्धास्त झोपायचं. पोलीसपाटलाचं नाव गावाला दिलं म्हणून गाव चोरांचं होत नाही. नावांवर जाऊ नका, या डोंगरात नावं फार फसवतात. शेजारच्या जंजाळ्याच्या डोंगरात घटोत्कच लेणी आहेत. नाव भीमाच्या राक्षस पोराचं. आत जाऊन बघा तर बौद्ध विहार, आणि वऱ्हांड्यातला शिलालेख वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याच्या घराण्याचा. अजिंठ्यातलं १६ नंबरचं लेणं त्याच वराहदेवाने दान दिलं. पाचव्या शतकात भिक्खू ज्या दालनात ध्यानाला बसले, तिथे रान वाढलं, माणूस जायचा थांबला आणि एवढी मोठी घरं माणसाची असूच शकत नाहीत म्हणून लोकांनी ती राक्षसाला देऊन टाकली. अजिंठ्याचंही तेच झालं होतं. १८१९ साली वाघाच्या शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याला ती लेणी दिसली आणि साहेबाने काय केलं, तर १० नंबरच्या लेण्यात चित्रावर आपलं नाव कोरलं. तटावर तुमच्या चॅनलचं नाव स्प्रेने लिहिलंय ते पाहून मला स्मिथ साहेबांची आठवण झाली. फरक इतकाच की त्यांनी निदान लेणी शोधली होती.

खरी गोष्ट मला एका म्हाताऱ्या पॅसेंजरने सांगितली. पुढच्या सीटवर बसायचा, तिकीट कानामागे खोचायचा. त्याचं म्हणणं असं, की दिवे खरंच फिरायचे. हा सगळा भाग निजामाचा, सोयगाव ओलांडलं की इंग्रजांचा खानदेश. निजामाची करोडगिरी होती, म्हणजे जकात. खानदेशातून कापड, साखर, काय काय वर आणायचं तर नाक्यावर पैसे मोजावे लागत. मग माणसं अंधाऱ्या रात्री डोक्यावर गाठोडी घेऊन नाका चुकवून डोंगर चढत. कंदील झाकून न्यायचा, चढणीला क्षणभर उघडायचा. खालच्या गावातून दिसायचं काय, तर किल्ल्याजवळ दिवा लागला, विझला, पुढे जाऊन पुन्हा लागला. आणि शिपायाने रात्री वर येऊ नये म्हणून भुताची गोष्ट गावात सोडणारे हेच गाठोडीवाले. म्हातारा हसून म्हणाला, "माह्या बापाने त्या किल्ल्यावर किती भुतं जन्माला घातली, मोजदाद नाही." १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, पुढे करोडगिरीही गेली. भूत राहिलं. बिनपगारी नोकराला कोण काढतो?

त्याला मग नवे मालक मिळाले. हातभट्टीवाल्यांना रात्री डोंगरात धूर दिसला तरी कोणी विचारायला नको होतं, त्यांनी भूत पोसलं. मग गुप्तधनवाले. हे माझ्या गाडीतूनच यायचे. अमावास्येच्या आदल्या दिवशी परक्या गावचे पाच जण, पोत्यात गुंडाळलेली कुदळ, पिशवीत लिंबं, नारळ, कोंबडा आणि सोबत एक घाबरलेला पोरगा. तो पायाळू. पायांकडून जन्मलेल्याला जमिनीखालचं धन दिसतं म्हणतात. एकदा मी त्या पोराला हळूच विचारलं, "काय दिसतं रे तुला?" तो म्हणाला, "काका, मला चष्मा पाहिजे." दुसऱ्या दिवशी अंबारखान्याच्या फरशीत कंबरभर खड्डा. धन एक पैचं निघालं नाही. निघालं असतं तरी १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे, कलेक्टरला कळवावं लागतं. पण शेकडो वर्षं घट्ट बसलेली फरशी एका रात्रीत उखडली, ती उखडलीच. त्या पाच जणांना सगळ्यात मोठा आधार कोणाचा? भुताचा. रात्री वर कुदळीचा आवाज आला तरी खालून कोणी येणार नाही, ही खात्री.

म्हणजे किल्ल्यावरच्या भुताला कायम कोणीतरी पोसत आलंय आणि प्रत्येकाचा त्यात फायदा होता. तुम्ही त्याच रांगेतले. मला राग येतो तो एका फरकाचा. आधीच्यांना माणसं लांब ठेवायची होती. तुम्हाला ती रात्रीच्या वेळी वर यायला हवीत. तुमचा व्हिडिओ बघून तालुक्याची चार पोरं मोटरसायकलवर आली, एक तटाच्या ढासळलेल्या कडेवरून खाली गेला. पाय दोन ठिकाणी मोडला. रात्रभर दगडात पडून होता, सकाळच्या गाडीत मागच्या बाकावर आडवा टाकून नेला. सोबत्यांनी गावात मदत मागायला यायला उशीर केला. का, तर वाटेत हडळ. ज्या बाईने गोधडी आणून त्याच्या अंगावर टाकली आणि गाडी येईस्तोवर त्याचं डोकं मांडीवर धरलं, ती कोण हे तुम्ही ओळखलंच असेल. त्या पोराने तरी तिला ओळखलं नाही.

शेकोटीबद्दल दोन शब्द. तुम्ही 'वातावरण तयार व्हावं' म्हणून दरवाज्यातच पेटवता. फाल्गुन-चैत्रात त्या डोंगरावर गवत असं वाळलेलं असतं की विडीचं थोटुक पुरतं. वणवा लागला की आधी शेळ्यांचा चारा जातो, मग सीताफळाची झुडपं, मग पक्ष्यांची घरटी. आणि रात्री त्या रानात बिबट्या हिंडतो. तो यूट्यूब बघत नाही.

२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तुम्हाला ठाऊक असेल. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्यासाठी वर्षानुवर्षं झटले आणि २० ऑगस्ट २०१३ ला ज्यांचा खून झाला, त्यानंतर आलेला. एखादी बाई करणी करते, भूत लावते असं उठवून तिचं जगणं मुश्कील केलं तर सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुमचा लाल बाण त्यात बसतो की नाही, हे वकील सांगतील. मी साधा कंडक्टर. धमकी द्यायची असती तर पत्र पोलीस ठाण्याला लिहिलं असतं, तुम्हाला नाही. मायने नको म्हटलं. म्हणाली, "लेकरं आहेत रे. पळताना पडली-बिडली नाहीत ना?"

तर विनंती अशी. एक, तो व्हिडिओ काढा. काढवत नसेल तर बाण तरी पुसा आणि खरं काय ते लिहा. दुसरी, या खुशाल, पण सकाळच्या गाडीने या. घाटात उतरवून देतील, माझं नाव सांगायची गरज नाही. शरभ बघा, वळसा घालून दरवाजा कसा समोर येतो ते शूट करा, बारादरीत बसून वारा रेकॉर्ड करा. घुबडाची पिल्लं असतील तर लांबूनच त्यांचं घोरणं ऐका, तुमच्या धडधड आवाजापेक्षा ते भारी आहे. अंधारच हवा असेल तर दौलताबादला जा, अंधारीतून चालून बघा. शत्रूला घाबरवायलाच केलेला अंधार आहे तो, आणि दिवसा तिकीट काढून बघता येतो. तिसरी, उतरताना मायच्या घरी पाणी प्या आणि तिला तुमच्या तोंडाने सांगा की चुकलं. बाकीचं ती बघून घेईल, बहुतेक तुम्हाला जेवायलाच बसवेल. मीठ जरा जास्त टाकते, बोलू नका.

आणि व्हिडिओखाली इतक्या लोकांनी इतकं लिहिलं, पण ती बाई तिथे रात्री करत काय होती, हे एकानेही विचारलं नाही. तिची गाभण शेळी संध्याकाळी कळपाबरोबर उतरली नव्हती. ती शोधत वर गेली होती. तुम्ही 'भागो' ओरडलात तेव्हा ती दचकून खाली बसली आणि चोर असतील म्हणून तिने स्वतःच बॅटरी विझवली. तुमच्या गाड्यांचा आवाज घाटात विरेपर्यंत ती तशीच अंधारात बसून होती. मग उठून पुन्हा शोधायला लागली. शेळी पहाटे सापडली, बारादरीत. दोन पिल्लं झाली होती, एक पाठ आणि एक बोकड.

आपला,
एक रिटायर कंडक्टर